जखमेवरची खळ

बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावरची जखम भरत नव्हती आणि प्रयोगशाळेत मी नेमके त्याच प्रश्नावर काम करत होते. जिवाणू स्वतःच स्रवलेल्या चिकट पदार्थात वस्ती करतात. त्या थराखाली प्रतिजैविक पुरेसे पोहोचत नाही. तो थर एन्झाइमने विरघळवता येतो का, हे मी तपासत होते. प्लास्टिकच्या बशीत तो विरघळत असे. भिवंडीजवळच्या शेलार गावात, आमच्या घरी, बाबांच्या मधुमेहाने बधिर झालेल्या पायावर, खरवडून काढला तरी पुन्हा बसत असे. लाली वर चढली तर अंगठा काढावा लागेल, असे सर्जनने बजावले होते.

बाबांची सारी नोकरी भिवंडीत कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात झाली. लूमवर सूत तुटू नये म्हणून त्याला पिष्टाची खळ लावतात आणि रंगवण्यापूर्वी ती एन्झाइमच्या पाण्यात काढतात. म्हणून मी त्यांना समजावले होते, "जखमेवर खळ बसलीय असं समजा." उपमा मला नेटकी वाटली होती.

पुढच्या रविवारी घरी आले, तर बाबा ओट्यावर बसून पायाची पट्टी सोडत होते. समोर घमेल्यात कोमट पाणी, शेजारी कारखान्यातल्या जुन्या सोबत्याकडून मागवलेली बाटली.

"हे काय?"

"एन्झाइम. तूच म्हनालीस ना, खळ हाय म्हनून?"

आतून आई म्हणाली, "खळ काढून झाली का रंगवून पन घ्या. निळा बरा दिसंल."

मी बाटली उचलली आणि समजावू लागले. हे फक्त पिष्ट तोडते. जिवाणूंचा थर वेगळ्या शर्करांचा आणि प्रथिनांचा असतो. शिवाय कारखान्याचे द्रव्य उघड्या जखमेसाठी नसते. बाबांनी सगळे शांतपणे ऐकले.

"मंग तुजावाला आन."

"त्याची अजून प्राण्यांवरही चाचणी नाही, बाबा. थर फुटून आतले जंतू रक्तात गेले तर?"

"मी सही करून देतो."

"नाही."

"बरं, डॉक्टरीणबाई," म्हणत त्यांनी पट्टी पुन्हा गुंडाळली. घमेल्यातले पाणी मी मोरीत ओतले.

लाली घोट्यापर्यंत चढली. अंगठा काढला.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना बाबांनी माझी ओळख करून दिली, "ही आमची पोरगी. हिच्याकडं औषध हाय, पन देत न्हाय." ते गृहस्थ मोठ्याने हसले. बाबाही हसले, पण माझ्याकडे न बघता. माझा नकार शास्त्राच्या कसोटीवर बरोबर होता. आजही मी तोच देईन. पण औषध दिले असते तर काय झाले असते, याचे उत्तर कोणत्याही बशीत सापडणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

नर्सने ड्रेसिंग सोडले तेव्हा मी वाकून पाहिले. टाक्यांच्या कडेला काहीतरी चकाकत होते. तो नुसता ओलावा होता की नवा थर, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

"काय दिसतंय गं?" बाबांनी विचारले.