मैदानावर ठेवलेले ग्लोव्ह

दुबईजवळच्या अल ऐनच्या त्या कॉलेजने मला व्हिजिटिंग कार्ड छापून दिलं होतं. त्यावर नावाखाली ‘हेड कोच, बेसबॉल’ असं होतं. हेड म्हटलं की हाताखाली कोणीतरी असावं. माझ्या हाताखाली कोणी नव्हतं. बेस मांडायचे मी, चेंडू पुसायचे मी, पाण्याचा जार ओढत आणायचा तोही मीच. तरी पहिलं कार्ड मी वडिलांना पाठवलं. ते आमच्या तालुक्याच्या गावी जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलत. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बायको सांगायची, ते कार्ड त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं होतं आणि धुवायला शर्ट टाकताना आधी ते काढून घेत.

हा खेळ मला शाळेतल्या पी.टी.च्या सरांनी दिला. आधी सॉफ्टबॉल, मग कॉलेजात बेसबॉल. जिल्ह्याला, विद्यापीठाला मी त्यामुळेच खेळलो. बी.पी.एड.चा फॉर्मही त्यांनीच आणून दिला होता. शाळेकडे एका संघाला पुरतील एवढेच ग्लोव्ह होते. त्यामुळे सरांची पद्धत अशी की डाव संपला, की हातातला ग्लोव्ह आपण उभे होतो तिथेच जमिनीवर ठेवायचा आणि बॅटिंगला पळायचं. समोरच्या संघाचा खेळाडू येऊन तोच घालायचा. ग्लोव्ह आतून ओला आणि गरम असायचा. डावखुऱ्या मुलाचे हाल व्हायचे, पण कुरकुर कोणी केली नाही. आम्हाला वाटायचं, खेळाचा नियमच तसा आहे.

अल ऐनला मी नव्वदच्या दशकाच्या मध्यात आलो. कॉलेज आपल्याच लोकांचं होतं, पण शिक्षण अमेरिकन पद्धतीचं. चेअरमन एकदा अमेरिकेला जाऊन आले आणि त्यांच्या मनात बेसबॉल भरला. माझ्या सर्टिफिकेटांत तो शब्द होता, म्हणून शंभर अर्जांत माझा उचलला गेला, असं प्रिन्सिपल मला नंतर हसत म्हणाले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मला ते नशीबच वाटलं.

संघात आली ती क्रिकेटच्या टीममध्ये न घेतलेली मुलं. मल्याळी, गुजराती, दोन पाकिस्तानी, एक सुदानी आणि एक आपला मराठी मुलगा. त्याच्या आईवडिलांचा तिथे केटरिंगचा धंदा होता. मी त्याच्याशी मराठीत बोलायचो, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. चेंडू मारला की ही मुलं क्रिकेटसारखी बॅट हातात घेऊनच पळत. कधी पळतच नसत. मारून उभी राहत आणि बेसवरच्या साथीदाराकडे बघत, तो ‘यस’ म्हणेल म्हणून.

“अरे, इथे विचारायचं नसतं! मारलास की सुटायचं!”

“बट सर, ही सेड नो!”

“त्याला कोणी विचारलं? यल्ला, पळ!”

सराव करताना मी मुलं अर्धी-अर्धी वाटायचो. चेअरमननी ग्लोव्हचा एकच संच मागवला होता. म्हणून सरांची पद्धत मी तशीच लावली. डाव संपला की ग्लोव्ह जागेवर ठेवायचा. मुलांना ती इतकी अंगवळणी पडली, की सांगावं लागेना.

सराव संपला की मुलांना न्यायला गाड्या यायच्या. दहा मिनिटांत मैदान रिकामं व्हायचं. मी एकेक बेस उचलायचो. त्या शांत गावात माझ्या ओळखीचं म्हणावं असं कोणी नव्हतं. खोलीतले दोघे भले होते, पण एक हिशेबनीस आणि एक एसी दुरुस्त करणारा. बोलणं व्हायचं ते व्हिसा, सुट्टी आणि गावाकडचा पाऊस यांवर. आज माझ्या पिचरने टाकलेला चेंडू पहिल्यांदा खाली वळला, हे सांगायला माणूस नव्हता. मी ते जेवताना मनातल्या मनात बोलायचो. एकदा मोठ्याने बोललो असणार, कारण हिशेबनीस म्हणाला, “किससे बात कर रहे हो, मास्टरजी?”

तिसऱ्या वर्षी प्रिन्सिपलनी बोलावलं. दुबईत अमेरिकन नोकरदारांचा एक संघ शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, खेळायचा. त्यांच्याशी आपला सामना ठरला होता, आणि चेअरमन बघायला येणार होते.

“ते बघतील आणि मग ठरवतील,” प्रिन्सिपल म्हणाले. “बेसबॉल ठेवायचा की बंद करायचा. नोकरी जाणार नाही तुमची, घाबरू नका. पण टीम दिसली पाहिजे, सर. टीमसारखी.”

नोकरीची भीती मला नव्हतीच. टीम गेली तर मी इथे कशासाठी राहतोय, हे मला स्वतःलाच सांगता आलं नसतं. माझी मुलगी गावी चालायला लागली होती, ते मी फोटोत पाहिलं होतं. पुढचे दोन महिने मी मुलांना एवढं पळवलं, की त्या मराठी मुलाच्या आईने, केटरिंगवाल्या बाईंनी, माझ्या डब्यासोबत निरोप पाठवला, “सर, जरा दमानं घ्या. घरी येतो आणि जेवता जेवता झोपतो.”

सामन्याच्या दिवशी चेअरमन सावलीत खुर्चीवर बसले होते. समोरचा संघ वयाने मोठा आणि वजनदार. पण पहिल्या डावात माझ्या मुलांनी त्यांना एकही धाव करू दिली नाही. तिसरा खेळाडू बाद झाला, म्हणजे डाव संपला. मुलं आनंदाने ओरडली, आपापले ग्लोव्ह जमिनीवर ठेवून बाहेर पळत आली.

मैदानावर नऊ ग्लोव्ह पडलेले. अमेरिकन खेळाडू आत गेले आणि थबकले. त्यांच्या हातात स्वतःचे होतेच. एकाने वाकून उचलला आणि हाक मारली, विसरलात का म्हणून. कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मुलांना काही कळेना. माझा कॅचर, तो मराठी मुलगा, मला हळूच म्हणाला, “सर, आर दे नॉट गोइंग टू वेअर देम?”

चेअरमन उठून माझ्याजवळ आले. आवाज खालीच होता. “मास्टर, ये क्या है? इन लोगों को लगेगा हमारे पास ग्लोव्ह भी नहीं है. माँगके खेलने आए हैं क्या हम?”

मुलं पळत जाऊन ग्लोव्ह गोळा करून आली. त्यानंतर त्यांचे हात ढिले पडले ते पडलेच. आम्ही वाईट रीतीने हरलो. चेअरमन शेवटपर्यंत थांबले नाहीत.

पंच एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ होते. सामना संपल्यावर तेच माझ्याकडे आले. हे मुलांना कोणी शिकवलं, म्हणून त्यांनी विचारलं. मला वाटलं, आता आणखी बोलणी. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सरांची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, त्यांच्या लहानपणी अमेरिकेत सगळेच असं करत, मोठमोठे संघसुद्धा. ग्लोव्ह गवतात टाकून पळायचे. पुढे कधीतरी नियम करून ते बंद केलं. ही सवय पुन्हा बघायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आमच्या सरांना हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्यांनी गरजेपोटी काढलेली युक्ती होती ती.

मग त्यांनी माझ्या पिचरबद्दल विचारलं. त्याचा चेंडू खाली कसा वळतो, बोटं कुठे असतात. मी चेंडू हातात घेऊन दाखवलं. त्यांनी त्यांची पकड दाखवली. कॉलेजची बस हॉर्न वाजवत होती. मला निघवत नव्हतं. या देशात आल्यापासून माझ्या खेळावर माझ्याशी कोणी पहिल्यांदा बोललं, ते त्या दिवशी, बसचा ड्रायव्हर ओरडेपर्यंत.

रविवारी प्रिन्सिपलनी सांगितलं, “खलास, सर. चेअरमन नाही म्हणाले. आता क्रिकेट घ्या आणि सकाळची ड्रिल.” म्हाताऱ्या पंचांनी काय सांगितलं ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “असेल. पण हे चेअरमनना कोण सांगणार?”

मुलांना मैदानावर बोलावून सांगितलं. “इट्स ओके, सर,” एक जण म्हणाला. मुलंच मला समजावत होती. मग त्यांच्या गाड्या आल्या.

संध्याकाळी मी गावी फोन लावला. शेजाऱ्यांकडे फोन होता, त्यांनी बायकोला बोलावून आणलं. टीम बंद झाली, असं मी तिला सांगितलं.

“मग परत येताय का तुम्ही?”

“नाही. क्रिकेट आहे ना. नोकरी आहे.”

“आवाज का असा येतोय मग?”

मी म्हटलं, काही नाही, इथे याबद्दल बोलायला कोणी नाही, एवढंच.

“कोणीच नाही?”

“नाही.”

“मग मला सांगा,” ती म्हणाली. “एवढी वर्षं झाली, तो खेळ खेळतात कसा ते मला कुठे माहीत आहे?”

मी सांगायला लागलो. मैदानापासून सुरुवात केली. ती मध्येच म्हणाली, थांबा, पाटीवर काढते, आणि शेजारच्या मुलाकडे पेन्सिल मागितलेली मला ऐकू आली.