सोमवारची सही

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. नव्वदच्या दशकात बंगळुरात आमच्या प्रयोगशाळेत विषाणूच्या रिकाम्या कवचातून औषध पाठवायचे प्रयोग चालायचे. द्रावणाची आम्लता कमी केली की कवच उघडावं, वाढवली की औषधासकट मिटावं, अशी कल्पना होती. मला तीन वर्षांत जे जमलं नाही, ते माझ्या हाताखालच्या मुलीनं चार महिन्यांत केलं. सगळे तिच्या टेबलाभोवती जमले आणि माझा नुसता जळफळाट झाला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिला प्रयोग पुन्हा करून दाखवायला सांगितला. आम्लता मोजायचं यंत्र दर सोमवारी मी तपासायचो. त्या सोमवारी ते चुकीचा आकडा दाखवत होतं. तरी मी वहीत ‘ठीक’ लिहून सही केली. तिची कवचं मिटलीच नाहीत. पहिलं यश योगायोगाचं ठरलं. तिनं संशोधन सोडलं आणि बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी धरली.

माफी मागायला मी एकदा तिथे गेलो. तिनं कॉफी मागवली.

“माझाच हात चुकला असणार, अण्णा,” ती हसून म्हणाली. “यंत्र तर तुम्ही स्वतः तपासलेलं होतं.”

मी “सरी”, म्हणजे कन्नडमध्ये ‘बरं’, एवढंच म्हणालो, कॉफी संपवली आणि परत आलो.