नाव घातलेलं रिव्हॉल्व्हर

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी शस्त्र हाती धरलेलं नाही. विळीने बोट कापून घेतल्याची उदाहरणं मात्र प्रत्येक पिढीत सापडतात. अशा घराण्यातल्या एका माणसाने ॲरिझोनात जाऊन रिव्हॉल्व्हर विकत घेतलं आणि त्यापायी घरातल्या तिघांना सरकारी कचेरीत एका बाकावर ओळीने बसावं लागलं. तो माणूस मी.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. आम्ही चँडलरला राहत होतो. आजूबाजूला तेव्हा कापसाची शेतं होती आणि ओळखीचे बाकीचे मराठी इंजिनियर चिप्सच्या कारखान्यांत थंडगार हवेत बसायचे. माझं काम वाळवंटातलं. लांब लांबच्या विहिरींवर जायचं, आत फीत सोडायची, पाणी किती खाली गेलंय तो आकडा लिहायचा आणि पुढच्या विहिरीकडे निघायचं. (गावाकडे हे कोणीही पोहरा सोडून सांगतं. मला त्यासाठी एम.एस. करावं लागलं.) ट्रक माझा, पेट्रोल सरकारचं आणि सोबतीला कोणी नाही.

त्या वर्षी वसुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, सहावा महिना लागला होता. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, त्यामुळे बाळंतपणाला सांगलीहून तिचे वडील आले. नाना. माहेरचं माणूस म्हणून जे काही शिल्लक होतं ते एवढंच. वसुधाचं मागणं फार नव्हतं. बाळ येईल तेव्हा आपण तिघंही जागेवर असावं, इतकंच ती म्हणायची. मी म्हणायचो, त्यात काय अवघड आहे?

पुढच्याच आठवड्यात मी एका विहिरीवरचं पत्र्याचं झाकण उचललं आणि खालून खुळखुळ्यासारखा आवाज आला. बाळासाठी खुळखुळा आणायचा राहिलाय, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार येईपर्यंत मी ट्रकच्या टपावर होतो. शेपटी खुळखुळवणारा साप झाकणाशेजारी वेटोळं घालून बसला होता आणि ट्रकच्या किल्ल्या त्याच्यापासून हातभर अंतरावर पडल्या होत्या. एकशे आठ डिग्री फॅरनहाइटमध्ये मी दोन तास त्या टपावर मांडी घालून बसलो. शेवटी कंटाळून साप गेला. मी जायला आणखी एक तास घेतला.

घरी चार तास उशिरा पोचलो. वसुधा दारात उभी होती. ती जेवली नव्हती.

"उद्यापासून ऑफिसात बसा," ती म्हणाली.

"ऑफिसात जागा नाहीये."

"मग एकटे जाऊ नका. नाहीतर काहीतरी बरोबर ठेवा. मी रोज असं दारात उभं राहणार नाही."

ती रडली असती तर मी समजूत घातली असती. पण ती शांतपणे ताट वाढायला गेली आणि मी घाबरलो. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "एक रिव्हॉल्व्हर ठेव ट्रकमध्ये. इकडचे सगळे शेतकरी ठेवतात." जणू छत्री ठेव म्हणाले.

शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. घोड्यांच्या खोगिरांच्या दुकानाला लागून बंदुकांचं दुकान होतं. मालक वॉल्टर, सत्तरीचा, अत्यंत सावकाश बोलणारा. एका पिस्तुलासाठी गर्भार बाई आणि धोतर-टोपीतला म्हातारा बरोबर घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्याने यापूर्वी पाहिलं नसावं. वसुधाने पर्समधून यादी काढली. प्रेशर कुकर घेताना केली होती तशीच यादी होती. गंज धरतो का, सुटे भाग मिळतात का, किती वर्षं टिकतं.

वॉल्टरने तीन नग मांडले. पहिलं चपटं आणि देखणं पिस्तूल होतं.

"यात भाग जास्त," तो म्हणाला. "धूळ गेली तर साफ करावं लागतं. तुम्ही नियमाने साफ कराल?"

"नाही," माझ्याऐवजी वसुधा म्हणाली.

दुसरं काळं, निळसर झाक असलेलं, लाकडी मुठीचं रिव्हॉल्व्हर. मला तेच आवडलं होतं. वॉल्टरने मान हलवली. "घामाने गंजेल. आणि तापलेल्या गाडीत लाकूड उलतं."

तिसरं रिव्हॉल्व्हर जाडजूड होतं, चार इंच नळी, रबरी मूठ. सहा महिने धुळीत पडलं तरी उचललं की चालेल, म्हणाला. सापासाठी बारीक छऱ्यांची काडतुसं वेगळी मिळतात, म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, "हे स्टेनलेस स्टील आहे."

आमच्या तिघांच्याही चेहऱ्यावर एकदम ओळख पटल्याचा भाव आला. स्टेनलेस स्टील म्हणजे घरचंच माणूस. वसुधाने ते टिचकी मारून पाहिलं. नानांनी हातात घेऊन वजनाचा अंदाज केला आणि म्हणाले, "गेज चांगलाय."

नानांना ते कळणारच. त्यांनी चाळीस वर्षं सांगलीत भांड्यांवर नावं घातली होती. मशीन आल्यावरही त्यांनी मशीन घेतलं नाही. छिन्नी आणि छोटी हातोडी, टिक टिक टिक, एकेका ठिपक्याने अक्षर. गावातल्या निम्म्या लग्नांतले तांबे आणि कळश्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. आणि असा माणूस चँडलरच्या घरात खिडकीशी बसून दिवसभर समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघायचा. मलाच ते बघवेना. म्हणून मी एकदा म्हणालो, "नाना, हत्यारं आणलीयत ना? आमच्या भांड्यांवर आडनाव घाला की."

मी हे बोलायला नको होतं असं नाही. पण कुठे थांबायचं तेही सांगायला हवं होतं. पंधरा दिवसांत वाट्या, पेले, कुकर, चिमटा, माझा थर्मास आणि वॉशिंग मशीनचं झाकण झालं. मग काम संपलं आणि नाना परत खिडकीशी बसले.

रिव्हॉल्व्हर आणलं त्या दिवशी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. रिकामंच. काडतुसं कपाटात कुलपात होती. नाना त्याच्याकडे टक लावून बघत होते. विनोदी बोलण्याची मला भारी हौस. मी जाता जाता म्हणालो, "बघताय काय नाना, हेही स्टीलच आहे!"

रविवारी सकाळी उठलो तर टेबलावर जुन्या धोतराच्या फडक्यावर रिव्हॉल्व्हर चकचकीत पुसून ठेवलेलं. बाजूच्या सपाट भागावर दोन सुबक ओळी होत्या. "चि. सौ. वसुधा हिस नानांकडून सप्रेम भेट."

"पैसे मी भरले होते," मी हळूच म्हणालो.

"असू द्या हो," वसुधा म्हणाली. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "किती दिवसांनी नानांनी माझं नाव घातलंय." मला ते मनापासून आवडलं होतं. माहेरचं भांडं म्हणून ते मी ट्रकमध्ये ठेवलं आणि आठवडाभर वाळवंटात हिंडलो.

मग त्याला चामड्याची खोळ घ्यायला वॉल्टरकडे गेलो. त्याने रिव्हॉल्व्हर उघडून पाहिलं, उलटलं आणि चष्मा लावला.

"हे काय आहे?"

"नाव," मी अभिमानाने म्हणालो. "माझ्या सासऱ्यांनी घातलंय. हाताने."

"इथे नंबर होता. तो कुठे आहे?"

मी बघितलं. नंबर नव्हता. वॉल्टरने दुकानाच्या दाराची पाटी फिरवून 'बंद' केली आणि मला खुर्चीवर बसवलं. त्या नंबरवरून सरकार प्रत्येक बंदूक ओळखतं, तो म्हणाला. तो नंबर मिटवणं हा मोठा गुन्हा आहे. मिटवलेल्या नंबरची बंदूक जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. लोक तुरुंगात जातात. "तू इथला नागरिक आहेस का?"

मी नव्हतो. ग्रीन कार्ड होतं. नाना तर सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते. सापाने एकट्या माझ्यावर शेपटी वाजवली होती. मी मात्र एका विनोदात घरातल्या दोन माणसांना देशाबाहेर काढायची सोय केली होती, आणि वसुधाला सातवा लागला होता.

घरी येऊन विचारलं. नाना म्हणाले, "कसलेसे आकडे होते खरे. मधेच येत होते. वाया कशाला घालवायचे? त्यातलं शून्य मी वसुधाच्या 'व'ला वापरलं."

"नाना, ते सरकारी आकडे होते."

नानांचा चेहरा उतरला. "चाळीस वर्षांत माझ्या हातून कुणाचं भांडं बिघडलं नाही," एवढंच ते म्हणाले आणि त्या रात्री जेवले नाहीत.

लपवू नका, आपण होऊन जा, असं वॉल्टरचं मत पडलं. तो स्वतः विक्रीची वही घेऊन आमच्याबरोबर फिनिक्सला बंदुकांच्या सरकारी कचेरीत आला. कचेरीच्या बाकावर मी, वसुधा आणि नाना. नानांच्या मांडीवर पिशवी होती. वाटेत मी सगळ्यांना बजावलं होतं, की हे मी केलं असं मी सांगणार आहे. माझ्याकडे निदान कार्ड आहे. नानांनी तोंड उघडायचं नाही. वसुधाने माझ्याकडे फार वेगळ्या नजरेने पाहिलं. लग्नानंतर तशी नजर मला पहिल्यांदाच मिळत होती, आणि मी छाती थोडी पुढे काढली.

अधिकारी तरुण होता, टाय घट्ट. त्याने रिव्हॉल्व्हर भिंगाखाली धरलं.

"हे कोणी केलं?"

"मी."

"कशाने?"

मी नानांच्या पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली. पिशवीत आमच्या घरची उरलेली एक कोरी वाटीही होती. (कामाचा नमुना दाखवायला लागेल, म्हणून नानांनी आणली होती.) अधिकाऱ्याने ती वाटी माझ्यापुढे सरकवली.

"एक अक्षर काढून दाखवा."

मी छिन्नी टेकवली आणि हातोडी मारली. वाटी टणकन उडून खोलीच्या कोपऱ्यात गेली. आणून पुन्हा ठेवली. दुसरा घाव माझ्या अंगठ्यावर बसला. तिसऱ्या घावाला वाटीवर वाकडा ओरखडा उठला. वसुधाने डोळे मिटून घेतले.

तो ओरखडा नानांना सहन झाला नाही. तुरुंग, व्हिसा, मी बजावलेलं सगळं बाजूला राहिलं. "द्या इकडे," ते म्हणाले. "जावईबापू, स्टील असं बदडायचं नसतं." त्यांनी वाटी गुडघ्यात धरली, टेबलावरच्या नावाच्या पाटीकडे एकदा पाहिलं आणि टिक टिक टिक सुरू केलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. तीन मिनिटांत अधिकाऱ्याचं आख्खं नाव आडनावासकट वाटीवर उतरलं. माझा ओरखडा त्यांनी शेवटच्या अक्षराची शेपटी म्हणून वापरला.

अधिकाऱ्याने वाटी हातात घेऊन फिरवून पाहिली. मग वसुधाकडे वळून म्हणाला, "यांना विचारा, यांनी बंदुकीवर का लिहिलं?"

वसुधाने विचारलं. नाना म्हणाले, "मुलीच्या घरात स्टीलची वस्तू आली. तिची आई नाही. नाव मी नाही घालायचं तर कुणी घालायचं?"

वसुधाला ते इंग्रजीत सांगताना दोनदा थांबावं लागलं. मी खाली बघत होतो. अंगठा दुखत होता, आणि डोळ्यांत पाणी आलं ते अंगठ्यामुळेच, असं मी तेव्हा वॉल्टरला सांगितलं.

अधिकाऱ्याने दिवा वाकडा करून भिंग पुन्हा लावलं. नानांनी घासलं काहीच नव्हतं, नुसते ठिपके घातले होते. ठिपक्यांच्या मधून एकेक आकडा वर येऊ लागला. तो मोठ्याने वाचत गेला आणि वॉल्टर वहीवर बोट ठेवून मान डोलावत गेला. 'व'मधलं शून्य सगळ्यांत शेवटी सापडलं.

"नंबर वाचता येतोय," अधिकारी म्हणाला. "गुन्हा नाही. पण यापुढे यावर एक ठिपकाही नको." मग त्याने वाटी परत सरकवली. सरकारी माणसाला भेट चालत नाही, म्हणाला. नानांनी वसुधाकडून निरोप दिला, की आता तिच्यावर तुमचं नाव आहे, आमच्या घरात ती कोण वापरणार? त्याने वाटीत टाचण्या ओतल्या.

निघताना त्याने मला थांबवलं. माझ्या अंगठ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्हाला हातोडी धरता येत नाही. बंदूक धरता येते का?" येत नव्हती. "मग दर शनिवारी नेमबाजीच्या सरावाला जा. घरच्यांच्या जिवासाठी सांगतोय."

मी गेलो. नऊ शनिवार न चुकता गेलो. नवव्या शनिवारी मी कानांवर जाड संरक्षक लावून पन्नास पावलांवरच्या कागदावर नेम धरत होतो. तेव्हा सराव-मैदानाचा मालक बाजूला उभा राहून, हात हलवत काहीतरी ओरडत होता. माझ्या नेमाचं कौतुक चाललंय असं समजून मी त्याला मान लववली आणि आणखी सहा गोळ्या झाडल्या. तो फोन आल्याचं सांगत होता. बाळ तीन आठवडे आधी निघालं होतं.

नानांनी शेजारणीचं दार वाजवून, पोटाकडे बोट दाखवून, वसुधाला दवाखान्यात नेलं होतं. मी पोचलो तेव्हा मुलगी होऊन वीस मिनिटं झाली होती. तिघांनी जागेवर असायचं ठरलं होतं. साप, सरकार आणि माझा विनोद, सगळ्यांतून निभावून दोघं होते. नव्हतो तो मी, घरच्यांच्या रक्षणाचा सराव करत होतो.

वसुधाने नुसती मुलगी माझ्या हातात दिली. माझ्या खिशातून सरावाचा कागद डोकावत होता. नानांनी तो काढून घेतला, दिव्यासमोर धरून नीट पाहिला आणि उलटून त्याच्या पाठीवर पेन्सिलने मुलीची जन्मवेळ लिहिली.

तो कागद आम्ही पत्रिकेला जपून ठेवलाय. चांगला अखंड कागद आहे, एकही भोक नाही.