पश्चिमेस नाला

ज्या कागदाला सोनेरी कडा असते, तो मी जरा जास्तच सावकाश वाचतो. माझी धाकटी बहीण सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स. निवृत्तीनंतरच्या घरासाठी, आयुष्यभराच्या कमाईतून, तिने एका ले-आउटमध्ये प्लॉट पसंत केला. ले-आउटच्या कमानीवर दोन सिंह होते. आत तुरीची धसकटं.

कमानीबाहेरच्या ऑफिसात भिंतभर नकाशा. सगळे प्लॉट काटकोनात, जणू जमीन चौकटीच्या वहीवरच उगवली होती. बहिणीने बोट ठेवलेला प्लॉट उजव्या टोकाला होता. ले-आउटच्या मालकाने आम्हाला कमानीतून आत नेलं, उजवीकडे वळवलं आणि कडुनिंबाजवळचे चार दगड दाखवले. जागा सपाट, कोरडी. बहीण खूश.

घरी विक्रीपत्राचा सोनेरी कडेचा मसुदा वाचताना मी चतुःसीमेपाशी अडलो. ‘पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला.’ त्या दगडांच्या आसपास नाला नव्हता.

आम्ही परत गेलो. नकाशात कमान वरच्या बाजूला काढली होती. वर असली की शोभते. जागेवर ती दक्षिणेला होती. उत्तरेचा बाण खाली तोंड करून गणपतीच्या स्टिकरमागे अर्धा लपलेला. म्हणजे नकाशातली उजवी बाजू पश्चिमेची, आणि आम्हाला दाखवली होती पूर्वेची.

“चुकून झालं काकाजी,” मालक मला म्हणाला. “माप तर तेच हाय ना!”

“मंग निंबाजवळचाच द्या,” बहीण म्हणाली.

“तो बुक हाय, ताई. तुमी काऊन टेन्शन घेता? म्हनान तर कागदातून नाला काढून टाकतो.”

“कागदातूनच काढान, का जमिनीतून बी?”

ती तडक पश्चिमेच्या टोकाला गेली. तिथेही चार दगड होते, आणि त्यांना लागून कोरडा नाला. दगडांच्या आतल्या बाभळीत, तिच्या कमरेइतक्या उंचीवर, वाळकं गवत आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. तिने एक पिशवी ओढली.

“हवेनं उडून आली असन,” मालक म्हणाला.

तिने पिशवी उलटी केली. आतला वाळलेला गाळ त्याच्या बुटांवर पडला.

मसुदा त्याच्या हातात देऊन तिने स्कूटर काढली. मी मागे बसलो.

“घर तर पायजेच, दादा,” ती म्हणाली. “आता आधी नाला पाहू, मंग नकाशा.”