हळदीचा सदरा

तव्यावर तांदळाची भाकरी टम्म फुगली होती आणि मनुबाई कोलंबीसाठी लसूण ठेचत होती, तोच दार वाजलं. कोपरच्या त्या आळीत सकाळी कुणी दार वाजवत नाही, हाक मारत सरळ आत येतात. मनुबाईचं दार मात्र गेल्या वर्षापासून वाजतं. पोर गेलेल्या घरात हाक मारायला लोकांची जीभ उचलत नाही.

दारात धाकटी जाऊ, जाईबाई.

"वहिनी, रविवारी माझ्या हेमालीची हळद. यायचं हां! आणि एक काम होतं. जयेशचा पिवळा सदरा असेल ना, तुझ्या प्राप्तीच्या हळदीतला? सगळे भाऊ पिवळ्यात आहेत. विनीतला दोन दिवस आणतेय. त्याचं माप कुठून घेऊ? तो तिकडे."

तिकडे म्हणजे माजिवड्याजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात. गेल्या वर्षी जयेशही तिकडेच होता. आळीला सांगितलेलं, बोटीवर गेलाय. पावडरीनं काडी झालेला पोरगा तिथं पुन्हा अंग धरू लागला, आईच्या हातचे सुके बोंबील मागू लागला. तेवढ्यात बहिणीचं लग्न आलं. भाऊ नसेल तर नवऱ्याचा कान कोण पिळणार?

केंद्रातल्या बाईंनी बजावलं होतं, "ताई, उपचार अर्धवट आहेत. शरीराची सवय आता मोडलीय. बाहेर जाऊन जुन्या मापानं घेतलं तर तो जगायचा नाही. शिवाय हल्ली पावडरीत काय कालवलेलं असतं, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं."

"सख्ख्या बहिणीची हळद आहे हो," मनुबाई हसत म्हणाली. "लग्न झालं की आणून सोडते."

मांडवात बायकांनी त्याला घेरलं. "आलास का रे बोटीवरून? मासळी कुठंय?" जयेशही हसला. मग जुन्या दोस्तांबरोबर मांडवामागे गेला. थोड्या वेळानं तो तिथल्या टेम्पोत पडलेला दिसला, घरघर घोरत.

"चढलीय भावाला!" म्हणत पोरांनी त्याच्या तोंडाशी माइक धरला. स्पीकरवर ते घोरणं ऐकून अख्खा मांडव खिदळला. मनुबाईही हसली. त्याच्या अंगावर चादर घालून ती पाहुण्यांना वाढायला गेली. घोरणं थांबलं तेव्हा तिला बरं वाटलं, निवांत झोपला म्हणून.

ते घोरणं नव्हतं, गुदमरणं होतं. पावडरीत कसलंसं जहाल औषध मिसळलेलं निघालं. "घोरत होता तेव्हाच आणला असता तर..." एवढं बोलून डॉक्टर थांबले.

"वहिनी, ऐकतेस ना? सदरा नुसता पडूनच आहे ना?"

"बाईंनी विनीतला सोडायला हो म्हटलं?"

"त्या कशाला हो म्हणतील? त्यांना आपले रिवाज काय कळणार! मी सही करून आणतेय." जाईबाईचा आवाज चढला. "आणि माझा विनीत शहाणा आहे. तुझ्या पोराचं नशीब माझ्या पोराला चिकटवू नकोस."

तव्यावरची भाकरी करपली. मनुबाईनं गॅस बंद केला. कपाटातून सदरा काढला. कॉलरवरचा हळदीचा डाग तिनं अजून धुतला नव्हता. घडी घालून तिनं तो जाईबाईच्या हातात दिला.

"तिकडेच नेऊन दे त्याला. रविवारी तिथंच घालू दे. विनीतला घरी आणू नको."