अपोलोनियामावशीचं मीठ

बुग नदीकाठच्या आमच्या गावाचा पाव अपोलोनियामावशीच्या भट्टीत भाजला जायचा. नवरा मागच्या महायुद्धात गेला, तेव्हापासून भट्टी तिनेच चालवली. मी तिच्या मुलीच्या वयाची, शहरातून साहित्याची पदवी घेऊन परतलेली. तरी ती मला मैत्रीणच म्हणायची.

१९३९च्या सप्टेंबरात जर्मन आले. त्यांनी भट्टीचं दार लाथेने फोडलं आणि पाव उचलून नेले.

"फ्रान्सने आणि इंग्लंडने युद्ध जाहीर केलंय, मावशी," मी म्हणाले.

"जाहीर केलं? छान. आता एखादी गोळीही जाहीर करा म्हणावं."

मग पूर्वेकडून रशियन येत असल्याची बातमी आली. त्यांचा आमच्याशी करार होता, एकमेकांवर चालून न जाण्याचा. म्हणजे ते जर्मनांशीच लढायला येणार. सगळ्या गावाने तसंच धरलं. गावप्रमुख गावलिक धापा टाकत आला.

"अपोलोनियाबाई, स्वागताला पाव-मीठ तयार ठेवा! मदत आली!"

मावशीने लपवलेलं पांढरं पीठ काढलं. स्वागताचा पाव एकदा मळला की तो विकत नाहीत, घरीही खात नाहीत. तो पाहुण्याच्याच हातात पडावा लागतो.

पाव आणि मिठाची वाटी घेऊन आम्ही चौकात गेलो. जर्मन अधिकारी रशियन अधिकाऱ्याची सिगारेट पेटवून देत होता. मागे रशियन पहाऱ्यात आमचेच सैनिक रांगेत उभे होते, निःशस्त्र.

"चोर चोर मावसभाऊ," मावशी म्हणाली.

"देऊन टाका हो," गावलिक कुजबुजला. "गावावर येईल."

"जर्मनाने दार तरी फोडलं. हा भाऊ म्हणून आत शिरलाय. याला पाव?"

रशियन अधिकाऱ्याने हसून हात पुढे केले. मावशी त्याच्यासमोरून तशीच पुढे गेली, थेट कैद्यांकडे. एका शिपायाने बंदुकीचा दस्ता मारला. पाव चिखलात पडला.

तिने तो उचलला. आमच्याकडे पडलेल्या पावाचं घेतात तसं चुंबन घेतलं. मग तुकडे करून सैनिकांना वाटू लागली.

"म्हातारे, हे कैदी आहेत!" अधिकारी ओरडला.

"माझ्या गावात आलेत, म्हणजे पाहुणे. तुम्हाला कोणी बोलावलं होतं?"

"आणि मीठ?" अधिकाऱ्याने विचारलं.

मावशीने वाटी तळहाताने झाकली.

"ते राहू दे. मिठाला जागणारा कोणी आला की देईन."

शिपायाने पुन्हा दस्ता उगारला. अधिकाऱ्याने त्याला थांबवलं. गावलिककडे वळून त्याने फक्त तिचं नाव विचारलं. गावलिकने ते सांगितलं.

थंडीत तिला आगगाडीत घालून पूर्वेकडे नेलं. निघताना तिने वाटी माझ्या हातात दिली. "रिकामी करू नकोस," एवढंच म्हणाली.

पुढे जर्मनांनी रशियनांशी केलेला करारही मोडला. मावसभाऊ एकमेकांच्या उरावर बसले. गावात जर्मन पुन्हा आले, मग रशियन पुन्हा आले. दोघांनीही स्वागत मागितलं.

वाटी भरलेलीच आहे.