शारजातून मारलेली हाक

मी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात आल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. असले अतर्क्य अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचायचे... आणि आज स्वतःच लिहायला बसलेय.

एक गोष्ट मात्र आईने अंगवळणी पाडलेली. बाहेर निघालेल्याला मागून हाक मारू नये. मारलीच तर त्याने बसून पाणी प्यावं, मगच निघावं. मला मात्र रोज काहीतरी आठवायचं आणि हाक जायचीच; शारजाहून दुबईला ऑफिसला निघालेला माझा नवरा निखिल वैतागायचा. "अगं, दुबईचा ट्रॅफिक थांबणारे का माझ्यासाठी?" पण प्यायचा.

डिसेंबरच्या सुट्टीत तो, आमची दहा वर्षांची अन्वी आणि ऑफिसातली दोन कुटुंबं जॉर्जियाला बर्फ बघायला गेली. मला सुट्टी मिळाली नाही, मी शारजात, अल मजाज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एकटी. तिकडे दोन दिवस बर्फाचं वादळ. तिसऱ्या सकाळी निखिलचा फोन आला.

"वादळ खलास! मस्त ऊन पडलंय. आता डोंगराखालच्या वाटेने चक्कर मारून येतो."

ऊन पडलं की संकट टळलं, हा आपला पावसाळ्याचा हिशोब. बर्फाचं उलटं असतं, हे आम्हाला कुठे माहीत.

मी पोळ्या लाटत होते. एकाएकी पायाखाली 'धप्प' असा आवाज झाला... खोल, पोकळ. आणि माझ्या तोंडून, का ते विचारू नका, जोरात निघालं - "निखिल, थांब!"

समोरच्या फ्लॅटमधली केरळी ताई, आमची चेची, रोजची हाक ओळखून दार वाजवत आली. "कौन जा रहा है? तुम तो अकेला है ना?"

मी निखिलला फोन लावत सुटले. लागेना. तव्यावरची पोळी जळाली. आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते.

शेवटी त्याचाच फोन आला. "तू... तू आत्ता हाक मारलीस?"

वाटेला लागणार तेवढ्यात त्याला आणि अन्वीला, दोघांनाही, मागून माझा आवाज आला होता. स्वारी चिडली, पण सवय ती सवय! हॉटेलसमोरच्या बाकावर बसून त्याने बाटली उघडली. बाकीचे चिडवत थांबले. पाणी संपायच्या आत समोरच्या उतारावरचा अख्खा बर्फ सुटला आणि वाट गाडली गेली.

"मम्मा, द रोड इज गॉन," अन्वी म्हणाली. "बट वी हर्ड यू."

संध्याकाळी गाइडने त्यांना सांगितलं, की जुन्या बर्फातल्या कच्च्या थरावर ताज्या बर्फाचं ओझं पडलं की तो थर आतल्या आत बसतो, आणि कधीकधी उतार सुटण्याआधी 'धप्प' असा आवाज येतो. तिथे तो कुणीच ऐकला नव्हता. निखिलने हे फोनवर सांगितलं आणि मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. स्वयंपाकघरात ऐकलेल्या त्या 'धप्प'बद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

बर्फाचा आवाज मला शारजात, माझा आवाज त्यांना तिथे... कसा, ते मला आजही सांगता येत नाही. पण एअरपोर्टच्या दारातून सगळीच्या सगळी हसत बाहेर आली, आणि मी अन्वीला तिथेच उचलून घेतलं, एवढी मोठी झालीय तरी.

आता सकाळी मी मागून हाक मारली की निखिल मुकाट्याने खुर्चीत बसतो आणि ग्लासभर पाणी पितो. दुबईचा ट्रॅफिक थांबतो.